उसनी अन्नपूर्णा

सोमवार, ११ जून १९७९
सुजाताचा बारावीचा रिझल्ट लागला. गल्लीतले पोट्टे वरडत आले तवा मी चूल फुकून राहिली होती. धूर डोळ्यात गेला. लोक म्हणतीन, नात पास झाली अन् बुढी रडली. रडली नाई.
तिचा बाप, माहा महादेव, हिंगण्याहून कंपनीच्या बसनं आला. पोरीचे मार्क आयकले अन् बूट न काढताच खाटीवर बसला. मंग इचारते, "मंजे डॉक्टर होते का नाई?"
सु. म्हणे, "यादी लागू दे न, दादा."
सुनेनं, शांतानं, गल्लीभर गूळ वाटला. मी म्हणलं, वं बाई, यादी लागल्यावर काय वाटशीन? तोंड फुगवलं.

बुधवार, २० जून
यादी लागली. गूळ वाया गेला.
राज्याच्या यादीत आपल्या बौद्ध लोकायच्या जागा येगळ्या ठेवते. त्यात सु.चं नाव वेटिंगवर. वरचं कोणी सोडलं तर हिचा नंबर. मेडिकलची जागा कोण सोडते बाप्पा? जिवंत असून कोणी सोडत नाई.
नलिनी, तिच्या संगं शिकणारी, प्रोफेसरची पोरगी. तिचे मार्क सु.पेक्षा जास्त. तिचंई नाव नाई. दोघी त्या भिंतीपुढं उभ्या होत्या. नलिनी म्हणे, "तुझ्याहून जास्त मार्क घेऊन मी घरी बसणार, अन् तुमच्यासाठी येगळी यादी!" सु. म्हणे, "त्या येगळ्या यादीतई मी घरीच हाओ न."
मंग एकाच सायकलवर डबलसीट आल्या. दोघीचे डोळे सुजले होते. त्या बामणाच्या पोरीचं रडणं खोटं नाई. पण तिचा बाप तिले पुढच्या वर्षी परीक्षा देऊ देईन. इथं पुढचं वर्ष नाई.

शनिवार, २३ जून
महादेवच्या बसमंधी कंपनीच्या हापिसातला एक बाबू बसते. त्यानं सांगतलं, दिल्लीच्या सरकारच्या काई जागा हायेत, बाहेरगावच्या कॉलेजात. तठी या मार्कावर पोरगी लागलीच समजा. फक्त दिल्लीवाले बौद्धाले मोजत नाई. महार पाह्यजे, अन् थोई हिंदू महार.
म्हणलं, काहून?
महादेव म्हणे, "माय, ते म्हणते बौद्ध धम्मात जातच नाई. मंग जातीची सवलत कायची?"
असं हाय का? मंग आमच्या गावच्या विहिरीले तार करा म्हणा. तिले आजून समजलं नाई.

सोमवार, २५ जून
कचेरीत गेलो. मी, महादेव, सु. खिडकीतल्या माणसानं शाळेचा दाखला पाह्यला अन् तोंड वाकडं केलं. "यावर बौद्ध लिहिलंय. हिंदू महार कसं करू? कोणी लिहिलं हे?"
म्हणलं, मी.
पहिलीत नाव घालतानी मास्तरनं महार लिवलं होतं. मी म्हणलं, खोडा गुरुजी. तो म्हणे, बाई, काय फरक पडते? म्हणलं, फरक पडत नाई तर खोडाले काय जाते? त्यानं खोडलं, बौद्ध लिवलं. शाई वाळेपरेंत मी टेबलापाशी उभी होती.
माणूस म्हणे, "चुकून लिहिलं गेलं असं सांगा. घरातल्या मोठ्या माणसाचं प्रतिज्ञापत्र द्या की आम्ही हिंदूच आहोत. मग चौकशीला माणूस येईल, घर पाहील, शेजारी विचारेल."
आजी, चुकून लिहिलं न? असं त्यानं दोनदा इचारलं. मी दाखला उचलून पिशवीत ठेवला. चुकून नाई लिवलं.

बुधवार, २७ जून
रातचं जेवण झालं.
महादेव म्हणे, "एका कागदाचा सवाल हाय. अन् माहं नाव महादेवच हाय न? तुह्यं भागरथा. नावं तर सारे हिंदूच."
नाव ठेवलं तवा देव होते घरात. मंग आमी दीक्षा घेतली. बुढ्यानं, महादेवच्या बापानं, सारे देव सुपात घातले अन् नाल्यात नेऊन टाकले. मागं वळून पाहाचं नाई म्हणे. मी पाह्यलं होतं. सूप तरंगलं, देव बुडले. पोराचं नाव काई सुपात घालता येत नाई. नावानं हाक मारली की येते, एवढंच त्याचं काम.
सही करणार नाई म्हणून सांगतलं.
सु. पुस्तकं पोत्यात भरून राहिली होती.

शनिवार, ३० जून
नलिनी आली. तिच्या कानावर गेलं. माह्यापुढंच सु.ले म्हणे, "खोटं सांगून घेशील जागा? सवलतीचं मी समजून घेतलं, पण हे?"
सु. खाली पाहे. मले राहवलं नाई. म्हणलं, "आमी खरं सांगतलं तर जागा नाई, खोटं सांगतलं तर हाय. कायदा कोणी केला, माह्या नातीनं का?"
ती म्हणे, "मी केलेला नाही, आजी."
"तू नाई केला. मंग तू काहून भांडते?"
"मैत्रीण आहे म्हणून."
चहा पिऊन गेली. कप सोता धुऊन ठेवला. पह्यले पह्यले तसाच ठेवून जाये, मंग कोणी उचलाव याचा तिले इचार पडे. शिकली.

सोमवार, २ जुलै
शांताचा भाऊ सावनेरहून आला. स्थळ घेऊन. पोरगा कोळशाच्या खाणीत कामाले, क्वार्टर हाय, मायबाप नाई मंजे सासुरवास नाई. एवढं आयकून शांताच्या तोंडाले पाणी सुटलं. "पोरगी आता बसूनच हाय" असं थो म्हणे. बसूनच हाय! मटका हाय का, रिकामा दिसला की भराव?
मले वाटलं सु. पाय आपटीन. भांडीन. लहानपणी दूध सांडलं तरी घर डोक्यावर घे.
ती म्हणे, "पाहा तुमी. मले चालते."
महादेवनं मान खाली घातली. मामानं चहा मांगतला.
मले चालते. कोणाचं बोलणं हाय हे? हे माह्या मायचं बोलणं हाय. माह्या लग्नात माय असंच म्हणली होती, अन् मीबी.

मंगळवार, ३ जुलै
पोरीनं पुस्तकाचं पोतं रद्दीवाल्यासाठी दाराशी आणून ठेवलं. मी पोतं उलटं केलं. आता जिमिनीवर पडून हायेत पुस्तकं, कोणी उचलत नाई. ती बी नाई, मी बी नाई. शांता त्यायच्यावरून पाय देत जाते.

गुरवार, ५ जुलै
सही केली.
एकटीच गेली. कचेरीपुढच्या निंबाखाली टाइपवाले बसते. त्यातल्या एकानं टकटक केलं अन् वाचून दाखवलं. मी, भागरथाबाई, सत्य प्रतिज्ञेवर सांगते की आम्ही हिंदू महार आहोत, कधीही धर्म बदलला नाही, घरी हिंदू देवदेवतांची पूजा होते.
म्हणलं, "कधीही" काढ. त्याच्यानं काय होते?
तो म्हणे, "आजी, ते छापील असते. काढलं तर कागद चालत नाई."
ही सही मले बुढ्यानं शिकवली होती. दीक्षेनंतर विहारात वर्ग चाले. घरी पाटी घेऊन पुढं बसे, भ काढ म्हणे. भ लय वाकडा येई. आज सरळ आला.

सोमवार, ९ जुलै
पुनव. विहारात आजपासून ग्रंथ वाचन. पांढरं लुगडं नेसून गेली. न जाऊन कसं चालीन, बायाच घरी येतीन इचाराले. दरसाल बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा मी पुढं होऊन म्हणते अन् बाया माह्या मागून. आजबी पुढंच उभं केलं.
देवाची पूजा करणार नाही, इथपरेंत आली अन् आवाज बसला. खोकला आला असं केलं. मागच्या बायायनं पुढं म्हणून टाकलं, माह्याबिगर. थांबल्या नाई. चांगल्या तयार झाल्या बाया.
घरी येताना एक जण म्हणे, मावशी, तब्येत पाह्यजा.

शुक्रवार, १३ जुलै
निरोप आला. पुढच्या हप्त्यात चौकशीचा माणूस येईन. महादेव म्हणे, "माय, घरात देव पाह्यजे."
देव पाह्यजे. जसं मीठ सरलं.
मथुराबाईकडं गेली. भिंतीले भिंत लागून हाय, कोष्टी लोक. मी सांगतलं, तिनं कपाळाले हात लावला. "देव काय भगुणं हाय का वं, उसना द्याले?"
म्हणलं, परत देतो. ठेवून काय करू?
हासली. हासत हासत उठली. अन् माहेरून आणलेली पितळेची अन्नपूर्णा आणली, बोटभर उंचीची, हातात पळी. मी हात पुढं केला तर म्हणे, "हात धुवून घे आधी."
म्हणलं, "कोणाचा इटाळ कोणाले होऊन राहिला मथुरे? माहा तिले का तिचा मले?"
तिनं फडक्यात बांधून देली. "आमच्या दारातून पाणी भराले जाये तवा तू बाजूनं चाले. आता माही देवी नेऊन राहिली. घोर कलयुग!" म्हणली अन् दारापरेंत सोडाले आली. वाईट बाई नाई ती. श्रावणात पाह्यजे म्हणली, तवा तिच्या सुनेची पह्यली पूजा हाय.

शनिवार, १४ जुलै
बुद्धाचा अन् बाबासाहेबांचा फोटो मीच काढला. महादेवचा हात लागेना, शांता स्टूल धरून राहिली. फोटो लुगड्यात गुंडाळले, पेटीत ठेवले. वरतून सु.चा शाळेचा गणवेष.
भिंतीवर दोन पांढरे चौकोन राह्यले. बाकी भिंत चुलीच्या धुरानं काळी. शांता म्हणे चुना मारू. नवा चुना आणखी उठून दिसीन. राहू देलं.
शांतानं कोनाड्यात अन्नपूर्णा बसवली. लग्न होऊन आली तवापासून तिनं देव पाह्यला नाई. भिंतीकडं तोंड करून बसवली, जशी शिक्षा देली. मी जाऊन फिरवली. खाली तांदूळ टाकले चिमूटभर, अन्नपूर्णा तांदळावर बसते. हळदीचं बोट लावलं.
मंग हात पाह्यला. माहा हात. त्याले कोणी सांगतलं होतं?
सु. दारात उभी राहून पाहून राहिली होती.

मंगळवार, १७ जुलै
माणूस आला. तरणाच हाय, चष्मा, हातात पिशवी. चपला बाहेर काढल्या. पाणी देलं, त्यानं पिलं. सु.ले भीतरच्या खोलीत बसवलं होतं.
"रोज पूजा कोण करतं?"
"मी."
"कुलदैवत?"
अन् काय सांगू. तोंडातून आलं. माता माय, आमच्या गावच्या शिवंवरची. निंबाखाली. आखाडात दहीभाताचा निवद, नवस फेडाचा तवा कोंबडं. माही सासू कोणत्या हातानं शेंदूर लावे, थे बी सांगतलं. तो इचारत बी नव्हता तरी सांगत गेली. वीस वर्साच्या वर झाले, एक शब्द इसरली नाई. मी समजे सूप नाल्यात सोडलं मंजे सोडलं. सारं इथंच बसून होतं, हाक माराची वाट पाहात.
मथुराबाईनं भाईर सांगतलं, लय देवभोळी बाई हाय. खोटं बोलतानी तिच्या तोंडाले तेज येते.
जातानी तो उठला. भिंतीकडं पाह्यलं.
"इथं काय होतं, आजी?"
"आरसा."
"दोन चौकोन आहेत."
"घरात बाया दोन हायेत."
हासला नाई. चष्मा काढला, पुसला, लावला. कागदावर काईतरी लिवलं. इकडून दिसलं नाई. चपला घातल्या अन् मंग वळून म्हणते, "आजी, आमच्या घरी आरसे दारामागं लावतात. येणाऱ्याला दिसत नाहीत."
गेला.
महादेव इचारते याचा अर्थ काय. मले काय ठाव? आपल्यातला होता का आपल्या मागावर होता? आपला असला तरी काय लिवलं असीन? सोताची नोकरी वाचवाले माणूस दुसऱ्याचं घर पह्यले दाखवते. नाईतर नाईबी दाखवत. तीन डाव इचार केला, तीन डाव येगळा जवाब आला.

शनिवार, २१ जुलै
काई कळलं नाई. महादेव रोज कचेरीत जाऊन येते, पगार कापून राहिले. सावनेरवाल्यानं निरोप धाडला, पोरगा थांबाले तयार नाई, पोळ्याआधी हो का नाई सांगा.
गल्लीतल्या एका पोट्ट्यानं मले "हिंदू आजी" म्हणून हाक मारली. त्याचा कान पिळला. त्याची माय भांडाले आली, अन् भांडता भांडता म्हणे, "आमच्या पोरानं खोटं काय म्हणलं?"
सांजच्याला सु. मेथी निवडत होती. काडी मोडत म्हणे, "आजी, मी डॉक्टर झाली. मंग दवाखाना टाकला. तठी भिंतीवर कोणता फोटो लावू?"
म्हणलं, पह्यले हो.
"अन् नाव लागल्यावर कोणी तक्रार केली, तर?"
म्हणलं, मेथी नीट निवड, माती राहून राहिली.
तिनं निवडली. पुस्तकं तिनं उचलून परत फळीवर ठेवली हायेत, तीन-चार रोज झाले. कधी ठेवली दिसलं नाई. मंजे पाह्यजे तिले. तोंडानं म्हणत नाई पण पाह्यजे.

गुरवार, २६ जुलै
श्रावण लागला. मथुराची सून दोनदा दारात येऊन गेली. पूजा उद्या हाय. मथुरा म्हणे, "भागरथे, माही देवी दे वं. तुह्या घरी उपाशी बसली असीन."
उपाशी नाई बसली. शांता रोज निवद दाखवते. मले आजच समजलं. चौकशी झाल्यावरबी! म्हणलं, काहून वं? ती म्हणे, "आत्याबाई, काई सांगता येते का, पोरीचं काम होऊन जाईन." पितळेच्या पुढं हात जोडून राहिली होती माही सून. उसनं आणलं चौकशीवाल्यासाठी, अन् घरातल्यालेच लागलं.
तिले मारलं नाई. मारासारखं वय नाई राह्यलं तिचं.

शुक्रवार, २७ जुलै
सकाळी अन्नपूर्णा धुतली, मथुराले देऊन आली. तिनं हातातूनच घेतली, फडकं मांगतलं नाई.
दोन तासानं महादेव कचेरीतून धावत आला. चौकशीवाल्यानं अर्ज नाकारलाबी नाई, पास बी केला नाई. "पुन्हा पाहणी व्हावी" लिवलं. सोमवारी वरचा साहेब येणार. त्याच्यानंतर यादी.
कोनाडा रिकामा. मथुराच्या घरून टाळ्या अन् गाणे आयकू येऊन राहिले.
महादेव म्हणे, "इकत आण. इतवारीच्या बाजारात भांडेवाल्यायकडं भेटते." माह्या हातावर पैसे ठेवले.
म्हणलं, उसना देव परत देता येते. इकत घेतलेला कोठी देऊ रे? नाला तर बुजवला आता, त्याच्यावर चाळ झाली.
तो खेकसला, "मंग काय करू? सांग न तू! सावनेरले हो म्हणू?" अन् भिंतीवर हात मारला. पांढऱ्या चौकोनावरच बसला हात, एक पोपडा निंघाला.
मी पैसे लुगड्याच्या गाठीत बांधले.

शनिवार, २८ जुलै
सकाळी उठून पाहाते तर भिंतीवर दोन्ही फोटो. सु.नं लावले. पेटी उघडी, गणवेष घडी करून बाजूले. महादेव पाह्यते अन् बूट घालून राहिला. शांता म्हणे, "सोमवारी काढू परत." सु. म्हणे, "मी नाई काढणार." शांता म्हणे, "मंग डॉक्टर होऊ नको!" सु. म्हणे, "होणार हाओ." कशी होणार, थे नाई सांगतलं. डोळे लाल, पण आवाज तोच, दूध सांडल्यावरचा. लय दिवसानं आयकला.
तर आता असं हाय. पैसे लुगड्याच्या गाठीत हायेत. प्रतिज्ञापत्राची नक्कल पिशवीत हाय. कागद मागं घ्याचा तर कचेरी आज अर्धा दिवस उघडी, देवी इकत घ्याची तर इतवारी दिवसभर.
चपला घातल्या. सु. म्हणे, "आजी, मी येऊ?"
म्हणलं, चाल.
कोठी, थे तिनं इचारलं नाई. वेणी घालून राहिली हाय, तवर एवढं लिवते. चौकातून डाव्या हातानं इतवारी, उजव्या हातानं कचेरी. चौकापरेंत वाट एकच हाय.